मातीतले धन आणि भाताची मुळे

वैशाखातील एखाद्या सकाळी कोकणातील खेड्यांतून फिरावे, तर जागोजाग धुराच्या रेघा आकाशाकडे चढताना दिसतात. पाऊस सुरू व्हायला अजून महिनाभराचा अवकाश असतो. शेतात पीक नसते. मग हा धूर कशाचा? भाताची रोपे ज्या लहानशा तुकड्यात वाढवावयाची, त्या तुकड्यावर शेतकरी शेण, झाडांचा तोडलेला टहाळ, पालापाचोळा आणि वाळलेले गवत यांचे थर पसरतो, त्यांवर मातीचा पातळ थर देतो आणि हे सारे पेटवून देतो. यालाच राब भाजणे असे म्हणतात. भाजलेल्या जागेत पेरलेले बी जोमाने उगवते. न भाजलेल्या जागेतील रोपे त्या मानाने खुजी राहतात. हे शेतकऱ्याला त्याच्या आजोबा-पणजोबांपासून ठाऊक आहे.

मी कोकणातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गात शेतीविषयी बोलणे चालले असता एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, राबासाठी टहाळ तोडून तोडून आमच्या डोंगरावरची झाडे बोडकी झाली. विकतचे खत आणावे, तर वडिलांना पैसे उसने काढावे लागतात. त्यापेक्षा भातालाच थोडक्यात भागवायला का शिकवीत नाहीत?"

वर्गात हशा पिकला. क्षणभर मलाही हसू आले. भाताला शिकवावयाचे ते कसे? परंतु घरी गेल्यावर त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना. जसजसे वाचीत गेलो, तसतसे ध्यानात आले की, जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांतून नेमक्या याच प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. तो कसा, हेच आज आपण पाहावयाचे आहे.

प्रथम वनस्पतींना अन्न म्हणून काय लागते, ते पाहू. वनस्पतींच्या वाढीला एकंदर १७ मूलद्रव्ये आवश्यक असतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन त्यांना हवा व पाणी यांपासून मिळतात. उरलेली चौदा मुख्यतः मुळांवाटे जमिनीतून घ्यावी लागतात. त्यांतही नत्र, स्फुरद आणि पालाश या तिघांची गरज मोठी. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे छापलेले असतात, ते याच तिघांचे.

या द्रव्यांचा एक कडक नियम आहे. तुमची आई रव्याचे लाडू करावयास बसली आहे, असे समजा. रवा पन्नास लाडवांचा आहे, साखरही तितकीच आहे, पण तूप मात्र वीस लाडवांपुरतेच आहे. मग लाडू किती होतील? वीसच. रवा आणखी आणला, म्हणून एकविसावा लाडू वळला जाणार नाही. झाडांचेही तसेच आहे. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, त्याच्या मापाने पीक येते. जमिनीत नत्र भरपूर आहे, पाऊस वेळेवर पडला आहे, पण स्फुरद नाही, तर पीक स्फुरदाच्या मापानेच यावयाचे.

स्फुरद या द्रव्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. १६६९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी हेनिग ब्रांड नावाचा एक किमयागार सोने करण्याच्या नादी लागला होता. मूत्राचा रंग सोन्यासारखा पिवळा, म्हणून त्याने पुष्कळसे मूत्र गोळा करून आटविले आणि उरलेला गाळ खूप तापविला. सोने काही मिळाले नाही. पण अंधारात आपोआप चमकणारा एक पदार्थ त्याच्या हाती लागला. ग्रीक भाषेतील 'प्रकाश वाहणारा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव मिळाले. आपल्या 'स्फुरद' या शब्दातही चमकण्याचाच भाव आहे.

या द्रव्यावाचून एकही जीव जगू शकत नाही. आपल्या हाडांत व दातांत स्फुरद आहे. प्रत्येक पेशीत शक्तीची देवघेव करणाऱ्या कणात स्फुरद आहे. आईवडिलांचे गुण मुलांत ज्या सूक्ष्म धाग्यांवाटे उतरतात, त्या धाग्यांच्या बांधणीतही स्फुरद आहे. भाताला स्फुरद कमी पडले, म्हणजे रोप खुरटते, पाने काळपट हिरवी दिसू लागतात, फुटवे थोडे येतात आणि पीक तयार व्हावयास उशीर लागतो.

मग जमिनीत स्फुरद नसतेच की काय? येथेच खरी मौज आहे. पुष्कळ जमिनींत स्फुरदाचा साठा बऱ्यापैकी असतो, परंतु तो कुलपात असतो. कोकणातील तांबड्या, आंबट मातीत लोह आणि ॲल्युमिनियम ही द्रव्ये विपुल असतात. ती स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतात. चुनखडीच्या काळ्या मातीत हेच काम चुना करतो. अशा पकडलेल्या स्फुरदाचा अगदी थोडा अंश पाण्यात विरघळतो, आणि मुळे तर विरघळलेले स्फुरदच शोषू शकतात. शेतकऱ्याने घातलेल्या खताचीही हीच गत होते. पोत्यातून मातीत पडलेल्या स्फुरदापैकी साधारणपणे पाचवा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी, त्या हंगामातील पिकाच्या वाट्याला येतो. बाकीचे मातीच्या कुलपात जाऊन बसते.

आणखी एक अडचण आहे. नत्राचा एक प्रकार पाण्याबरोबर वाहत वाहत मुळापाशी येऊ शकतो. स्फुरद तसे येत नाही. ते मातीतून इतके सावकाश सरकते की, काही आठवड्यांत त्याची मजल काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. मुळाने आपल्या भोवतालचे स्फुरद एकदा शोषून घेतले की, तेथे रिकामी पोकळी राहते, आणि पलीकडच्या कणात स्फुरद असूनही मूळ उपाशी राहते. विहिरीचे पाणी आपण होऊन कोणाच्या घरी येत नाही. घागर घेऊन विहिरीवर जावे लागते. तद्वत् स्फुरदापर्यंत मुळालाच चालत जावे लागते.

ही कुलपे उघडण्याची खटपट करण्यापेक्षा मनुष्याने सोपा मार्ग धरला. बाहेरून आणखी स्फुरद आणून घालावयाचे! १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज या गृहस्थाने हाडे व खनिजे यांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट नावाचे खत तयार करण्याचा हक्क मिळविला. तेव्हापासून स्फुरदाची खते जगभर पसरली. त्यांनी पिके वाढविली, कोट्यवधी लोकांच्या मुखी घास घातला, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु ही खते ज्या खडकांपासून होतात, ते खडक सर्वत्र सापडत नाहीत. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को आणि त्याच्या लगतचा पश्चिम सहारा या भागात आहे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे अशा खडकाची खाण आहे. पण देशाच्या गरजेच्या मानाने देशातील खाणी अपुऱ्या पडतात, आणि स्फुरदाचा फार मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. दूरदेशी भाव चढला की, येथे खताचे पोते महागते. दुसरे असे की, शेतातील माती पावसाने वाहून गेली, म्हणजे तिच्याबरोबर स्फुरदही तळ्यात व नदीत जाते. तेथे शेवाळ माजते. ते कुजू लागले की, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. म्हणजे जे द्रव्य शेतात अपुरे पडते, तेच तळ्यात अति होऊन बसते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मातीऐवजी रोपच बदलता येईल काय?

रोप बदलणे ही कल्पना नवी नाही. फिलिपाईन्स देशात लोस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. १९६६ साली या संस्थेने 'आय. आर. ८' नावाचे भाताचे बुटके वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. त्यापूर्वीची उंच वाणे अधिक खत दिले की माजत व दाण्याच्या भाराने आडवी होत. बुटके वाण ताठ उभे राही आणि खत पचवून भरघोस पीक देई. भारतासारख्या देशांना दुष्काळाच्या भीतीतून बाहेर काढण्यात अशा वाणांचा मोठा वाटा आहे. परंतु ही वाणे निवडली गेली ती भरपूर खत घातलेल्या शेतांत. जेथे ताट नेहमी वाढलेलेच असते, तेथे अन्न शोधून आणणारा कोण व आयते खाणारा कोण, हे कळणार कसे? उपवास सोसणाऱ्या रोपाचा गुण तेथे कोणाच्या नजरेस येण्याचे कारणच नव्हते.

तो गुण दुसरीकडेच शिल्लक होता. पूर्व भारत आणि बांगलादेश या भागांत 'आउश' नावाचा भाताचा एक गट आहे. आशु म्हणजे लवकर. लवकर तयार होणारे भात ते आउश. पाण्याची व खताची फारशी सोय नसलेल्या जमिनीतही ही भाते शेतकरी पिढ्यान्पिढ्या पेरीत आले. याच गटातील 'कासालाथ' नावाचे एक जुने भारतीय वाण संशोधकांच्या हाती आले.

जपानमध्ये मत्थियास विस्सुवा, मासाहिरो यानो आणि नोरियुकी आए या शास्त्रज्ञांनी कासालाथचा संकर 'निप्पोनबारे' या जपानी वाणाशी केला. संकर म्हणजे एका वाणाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर घालून मिश्र बी तयार करणे. स्फुरदाची तूट असलेल्या जमिनीत निप्पोनबारे खुरटत असे. कासालाथ मात्र तग धरी. आता या दोघांची पुढील संतती त्याच उपाशी जमिनीत लावली, तेव्हा काही रोपे बापासारखी व काही आईसारखी निघाली. टिकून राहणाऱ्या रोपांत कासालाथकडून आलेला असा कोणता भाग आहे, की जो खुरटणाऱ्या रोपांत नाही?

हा भाग शोधणे म्हणजे काय, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या बांधणीची सारी माहिती एका लांबलचक लेखासारखी साठविलेली असते. भातात हा लेख १२ खंडांत विभागलेला आहे. त्या खंडांना गुणसूत्रे असे म्हणतात. लेखातील एकेक सार्थ वाक्य म्हणजे एकेक जनुक. सारा लेख सुमारे ३९ कोटी अक्षरांचा आहे. शास्त्रज्ञांनी प्रथम हे पाहिले की, कोणत्या खंडाचा कोणता परिच्छेद कासालाथचा असला म्हणजे रोप टिकते. १९९८ साली त्यांनी जाहीर केले की, बाराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा या गुणाशी निकटचा संबंध आहे. स्फुरद शोषण्याशी संबंध असलेल्या या भागाला त्यांनी 'पुप-१' हे नाव दिले.

परिच्छेद सापडला, आता त्यातील नेमके वाक्य शोधावयाचे होते. भाताचा संपूर्ण लेख वाचण्याचे प्रचंड काम भारतासह अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून केले आणि ते २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात जनुकांची संख्या सुमारे ३७,५०० असावी, असा अंदाज निघाला. आता काय, ग्रंथ उघडावा, बाराव्या खंडातील ते पान काढावे आणि वाक्य वाचून घ्यावे, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या पानावर ते वाक्य नव्हतेच!

याचे कारण साधे होते. जो लेख वाचला गेला, तो निप्पोनबारे या वाणाचा होता. आणि निप्पोनबारे तर स्फुरदाच्या उपासमारीत खुरटणारे वाण! ज्याच्यापाशी ठेवाच नाही, त्याच्या घरी झडती घेऊन काय मिळणार? म्हणून शास्त्रज्ञांनी कासालाथचा तेवढा भाग स्वतंत्रपणे वाचून काढला. तेव्हा दिसून आले की, कासालाथच्या त्या ठिकाणी सुमारे ९० हजार अक्षरांचा एक तुकडा असा आहे, की जो निप्पोनबारेत मुळीच नाही. त्या तुकड्यातील बराचसा मजकूर निरर्थक पुनरुक्तीसारखा होता. त्या गर्दीत खरे जनुक दडलेले होते.

२०१२ साली भात संशोधन संस्थेतील सिग्रिड हॉयर व त्यांचे सहकारी यांनी ते जनुक ओळखल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'पीएसटॉल-१'. स्फुरदाची उपासमार सोसण्याची शक्ती, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ. बाराव्या गुणसूत्रावरील तो भाग प्रथम जाहीर झाला तेव्हापासून या दिवसापर्यंत १४ वर्षे गेली होती.

हे जनुक करते तरी काय? ते मातीची कुलपे फोडीत नाही. ते रोपाच्या लहानपणीच त्याची मुळे वाढविते. या जनुकावरून पेशीत एक प्रथिन तयार होते. दुसऱ्या प्रथिनांना स्फुरदाचा लहानसा अंश चिकटवून त्यांना कामाला लावणारी जी प्रथिने असतात, त्या जातीचे हे प्रथिन आहे. त्याच्या प्रभावाने कोवळ्या रोपाला अधिक व लांब मुळे फुटतात. मुळे अधिक, म्हणजे मातीचे अधिक कण त्यांच्या आवाक्यात आले. आणि आवाक्यात आलेल्या कणांतले थोडेथोडे स्फुरद मिळून रोपाची भूक भागली. वर सांगितल्याप्रमाणे स्फुरद चालत येत नाही. म्हणून कासालाथ स्वतःच त्याच्याकडे चालत जाते.

हे खरोखर या एका जनुकाचेच काम, असे म्हणावयास आधार काय? तो आधार प्रयोगाने मिळाला. ज्या वाणांत हे जनुक नाही, अशा 'आय. आर. ६४' आणि निप्पोनबारे या वाणांत शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ते जनुक घातले. बाकी सारे तसेच ठेवून एवढाच बदल केला. त्या रोपांची मुळे वाढली आणि स्फुरदहीन मातीत त्यांना दाणेही अधिक आले. कुंडीतील अतिशय निकस मातीत ही वाढ ६० टक्क्यांहून अधिक भरली.

शेतकऱ्यासाठी मात्र दुसरा मार्गही आहे. नेहमीसारखा संकर करावयाचा, आणि संततीतील रोपे लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून ज्यांत हे जनुक आहे, तेवढीच निवडावयाची. जत्रेच्या गर्दीत मूल हरवू नये, म्हणून त्याच्या सदऱ्याला आई लाल फीत बांधते. तशीच ही जनुकाची खूण. पीक पिकेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. या रीतीने इंडोनेशियातील काही स्थानिक वाणांत कासालाथचा तो भाग उतरविण्यात आला. इंडोनेशिया व फिलिपाईन्स येथील शेतांतील चाचण्यांत हे जनुक असलेल्या भाताने सुमारे २० टक्के अधिक धान्य दिले. कुंडीतील ६० आणि शेतातील २० यांतील अंतर तुम्ही ध्यानात ठेवा. शेतात ऊन, पाऊस, कीड, माती अशा शंभर गोष्टी एकाच वेळी आपापला परिणाम करीत असतात. पुढील चाचण्यांतही प्रत्येक वाणात आणि प्रत्येक जमिनीत सारखाच गुण आलेला नाही. ज्याला शास्त्र शिकावयाचे आहे, त्याने यशाच्या आकड्याबरोबर ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

आता एक शंका. चांगल्या मुळांचे रोप मातीतून अधिक स्फुरद काढून नेणार. मग माती दरवर्षी अधिकच गरीब होत जाणार नाही काय?

शंका अगदी रास्त आहे. येथे जमाखर्चाची वही उघडून बसले पाहिजे. कासालाथची मुळे स्फुरद निर्माण करीत नाहीत. असलेले शोधून आणतात. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे खत घातल्यामुळे स्फुरदाचा साठा अडकून पडला आहे, तेथे ती मुळे गाडलेला हंडा उकरून काढण्याचे काम करतील, आणि शेतकऱ्याचा नवा खर्च वाचेल. परंतु ज्या जमिनीत हंडाच नाही, तेथे मुळे कितीही वाढली, तरी शेवटी हात रिकामेच. अशा जमिनीला शेणखत, राख, हिरवळीचे खत किंवा विकतचे खत यांपैकी काही ना काही परत दिलेच पाहिजे. शोधून आणणे आणि मुळात कमी घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या मुलाने विचारले होते ते थोडक्यात भागविण्याविषयी. आणि कासालाथने उत्तर दिले ते शोधून आणण्याविषयी.

मग खरोखर थोडक्यात भागविण्याचा मार्ग आहे काय? त्याही दिशेने एक पाऊल पडले आहे. भाताने शोषलेल्या स्फुरदाचा बराच मोठा भाग दाण्यात जाऊन साठतो, आणि कापणीनंतर दाण्याबरोबर शेत सोडून जातो. दाण्यात ते ज्या रूपात असते, त्या रूपातले स्फुरद माणसाच्या पोटात नीटसे पचत नाही. म्हणजे शेताचे धन जाते, पण खाणाऱ्यालाही त्याचा पुरता लाभ होत नाही. २०१७ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी भातातील असे एक जनुक दाखवून दिले, की जे स्फुरदाला दाण्याकडे वळविते. ते निकामी केले, तेव्हा सडलेल्या तांदळातील नव्हे, तर नुसते तूस काढलेल्या दाण्यातील स्फुरद २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले आणि पानांतील वाढले. पीक मात्र घटले नाही, आणि त्या दाण्यांची उगवणही बिघडली नाही. पानांतील स्फुरद पेंढ्यात राहते; पेंढा गुरांनी खाल्ला व शेण शेतात गेले, किंवा पेंढाच शेतात कुजला, तर ते धन घरच्या घरी राहिले.

नत्राच्या बाबतीतही असेच शोध चालू आहेत. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण झाडांना ते हवेतून सरळ घेता येत नाही. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू ते त्यांना मिळवून देतात. तृणधान्यांना अशी सोबत लाभलेली नाही, असे सामान्यतः समजले जाई. परंतु मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, तोतोन्तेपेक गावाच्या परिसरातील शेतकरी मक्याचे एक उंच वाण फार पूर्वीपासून लावीत आले आहेत. त्याच्या खोडाला जमिनीच्या वर मुळे फुटतात आणि त्यांतून गोड, बुळबुळीत रस गळतो. त्या रसात राहणारे जंतू हवेतील नत्र पकडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, या मक्याच्या एकंदर नत्रापैकी २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आलेले असते. हा गुण इतर मक्यांत आणता येईल काय, हा आता संशोधनाचा विषय झाला आहे.

मुलांनो, या दोन कथांत एक गोष्ट समान आहे, ती तुमच्या लक्षात आली का? कासालाथचे जनुक काय किंवा मक्याचा तो गुण काय, प्रयोगशाळेत कोणी निर्माण केलेला नाही. निकस जमीन कसणाऱ्या, नाव-गाव कोणास ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी दरवर्षी बी राखून ठेवले, म्हणून तो गुण टिकला. त्यांपैकी एखाद्या पिढीने 'हे जुने भात आता कशाला?' म्हणून बी टाकून दिले असते, तर पुढे कितीही सूक्ष्म यंत्रे आली, तरी ती शोधणार काय? निप्पोनबारेच्या ग्रंथात ते वाक्य नव्हते, हे आपण पाहिलेच. एक ग्रंथ म्हणजे सारे ग्रंथालय नव्हे. म्हणूनच लोस बान्योस येथील संस्थेने सव्वा लाखाहून अधिक भातांचे नमुने थंड कोठारात जपून ठेवले आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा संग्रह घराघरांतून उभा केला. त्याबद्दल भारत सरकारने त्यांना २०२० सालच्या पद्मश्रीने गौरविले.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता स्वतः शेती करतो. मागे भेटला, तेव्हा मी त्याला ही सारी हकिकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, म्हणजे आजीच्या कणगीतले ते लाल भाताचे बी टाकायला नको होते."

"आणखी कोणाकडे असेल काय?" मी विचारले.

"वरच्या वाडीत एका म्हातारबांकडे असावे. उद्याच जाऊन पसाभर मागून आणतो," तो म्हणाला.

यंदा आषाढात लावणीला शेतावर गेलात, तर रोपाची मूठ चिखलात रोवण्यापूर्वी क्षणभर थांबा. मुळांची माती पाण्यात हलकेच धुऊन टाका आणि दोन निरनिराळ्या वाणांची मुळे शेजारी शेजारी धरून पाहा. कोणाची लांब आहेत, कोणाची दाट आहेत, ते वहीत टिपून ठेवा. आणि भात कापणीला आले, म्हणजे त्याच वहीत दाण्यांचे वजनही लिहा. कासालाथचा शोधही अशाच पाहण्यापासून सुरू झाला होता.